गल्लीभर माझ्या मापाचे ब्लाउज

साखरखेर्डा

प्रिय पूनम,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तू मले सध्या किती प्रिय आहे ते पत्र संपल्यावर ठरवू. हे पत्र ज्या हातानं तुझ्याकडे आलं त्या हाताकडे आत्ताच पाहू नको. आधी वाच. मधात मोबाइल वाजला तर वाजू दे, तो काही लेकरू नाही रडून रडून निळं पडाले.

फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हो आजी, हो आजी' करते अन् दुसऱ्या हातानं टकटक करत राह्यते, ते मले ऐकू येते. कागदाशी तसं करता येत नाही. आता माझं अक्षर म्हणशील, तर मी दुसरी पास. तिसरीत बसली तेव्हा भाऊ झाला अन् त्याले सांभाळाले मले घरी ठेवलं. तो मोठा होऊन ग्रामसेवक झाला, मी तुझी आजी झाली. वेलांट्या चुकल्या असतील तर तूच दुरुस्त करून घे. दुसऱ्याच्या चुका काढाचाच तुले पुण्यात पगार मिळते असं तुझा बाप सांगते.

घरची खबर अशी. सोयाबीन सोंगाले आलं आहे अन् मजुरांची टोळी आज येतो, उद्या येतो करून राह्यली. आपली म्हैस व्याली. पारडी नाही, हाल्या झाला, तर तुझा बाप असं तोंड करून बसला जसं तिनं मुद्दाम केलं. तुझी आई गुडघे दुखते म्हणते, पण देऊळगाव राजाच्या यात्रेत पाळण्यात बसायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी चढते. गोकुळ चांगला आहे. तुझा भाऊ आहे म्हणून चांगला म्हणते, नाही तर दिवसभर फटफटी पुसत बसते. फटफटीवर मागच्या बाजूनं तुमच्या धंद्याचं नाव अजून तसंच आहे, 'घरपोच शिलाई'. मी म्हटलं धंदा बंद तर नाव कायले? तर म्हणते राहू दे आजी, रंग चांगला बसला आहे.

आता त्या धंद्याबद्दल. तू म्हणशील हे मले सगळं माहीत आहे, परत काऊन सांगते. सांगते कारण तुले तुझीच बाजू माहीत आहे अन् मलिहाले तिची. तुमच्या दोघींच्या मधात मी बसली होती, अन् त्या सगळ्या गोंधळात ब्लाउज अंगात बरोबर बसलेली बाई गावात मी एकटीच होती. म्हणून शांत डोक्यानं मीच सांगू शकते.

मागच्या दिवाळीत तू आली होती. मलिहा अन् तू ओट्यावर बसून भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा खात होत्या. फोलपटं मी झाडली, तुम्ही नाही. दोघी पहिलीपासून दहावीपर्यंत एका बाकावर. पुढं तू शिकाले गेली अन् ती बापाच्या मशीनवर बसली. बोलणं असं निघालं की आसपासच्या खेड्यांतल्या बायांले एका ब्लाउजसाठी देऊळगाव राजाच्या किती चकरा होते. एक चक्कर टाकाले, एक 'झाला नाही, पुढच्या बाजारी या' ऐकाले, एक आणाले, अन् घरी आल्यावर बाही वर जात नाही म्हणून आणखी एक. तर तुम्ही ठरवलं, माप घरी येऊन घ्यायचं, कापड गोकुळनं फटफटीवर आणायचं, मलिहा अन् तिच्या हाताखालच्या बाया शिवणार, गोकुळ परत नेऊन देणार. मले हे फार आवडलं होतं. तेव्हा बोलली नाही, कारण तुमची तारीफ केली की तुम्ही डोक्यावर बसता.

मग तुमचं ते सुरू झालं, वेबसाइट पाहिजे का अ‍ॅप पाहिजे. मले दोन्ही सारखेच परके. मलिहानं मले समजावून सांगतलं. म्हणे आजी, वेबसाइट म्हणजे बाजारातलं दुकान. आपण जायचं, पाहायचं, काम झालं की परत यायचं, दुकान आपल्या जागी राह्यते. अन् अ‍ॅप म्हणजे दुकानदारच आपल्या घरी राहाले येते. मी विचारलं, तो झोपणार कुठं, घर तर भरलेलं आहे. ती हसली. तू हसली नाही. तू म्हटलं की एकदा अ‍ॅप मोबाइलमध्ये बसलं की गिऱ्हाईक बांधलं जाते, रोज डोळ्यासमोर राह्यते, माप लक्षात ठेवते, लोकांले वाटते हे काही तरी खरं आहे. तिचं म्हणणं एवढंच की व्हॉट्सअ‍ॅपवर एक लिंक पाठवू, बोट लावलं की उघडेल, बायांले काही बसवाले लावू नको. तू त्यातली शिकलेली, म्हणून तुझं चाललं. त्यात मलिहानं काही तोंड वाकडं केलं नाही. दुसऱ्या दिवशी गळ्यात टेप टाकून पूर्ण गल्लीचं माप घेऊन गेली, ज्या बाईचा जो नंबर त्यावर तिचं माप.

गोष्ट इथूनच बिघडली, अन् ती बिघडवली आमच्या गल्लीच्या मोबाइलांनी. कौशल्याबाईच्या मोबाइलमध्ये अ‍ॅप बसेना, जागा नाही म्हणे. गोकुळनं पाहिलं तर सगळी सकाळची फुलं. रोज सकाळी तिचा सुलतानपूरचा जावई फूल पाठवते अन् खाली 'शुभ सकाळ'. गोकुळ म्हणे काकू, फुलं पुसून टाका. ती म्हणे वा रे वा, जावई आला अन् विचारलं माझी फुलं कुठं आहे, तर? दुसरीचा मोबाइल नवऱ्याच्या खिशात, तो वावरात. तिसरीच्या मोबाइलवर नातवाचा खेळ, तो काढला की पोट्टं जेवत नाही. राहता राहिला माझा, तू दिलेला, कोरा करकरीत. गिऱ्हाइकांत तुमचं अ‍ॅप मावलं ते एका माझ्याच मोबाइलमध्ये.

अन् तेवढ्यात अर्जुनरावच्या सुचिताचं लग्न निघालं. भावकीतल्या सगळ्या बायांले साड्या, म्हणजे सगळ्यांले ब्लाउज. तर माझ्या ओट्यावर रांग लागली. मी खाटेवर बसली, चष्मा लावला, एकेकीचं कापड घेऊन गोकुळकडं दिलं अन् मोबाइलवर ऑर्डर टाकली. तहसीलदारासारखी बसली होती मी, खोटं कायले सांगू. प्रत्येक वेळी ते अ‍ॅप विचारे, माप ठेवलेलं आहे, तेच वापरू का? खाली मोठं हिरवं बटण. मले वाटलं, मलिहानं सगळ्यांचं माप घेतलं आहे, तर ज्या बाईचं कापड तिचं माप त्याले माहीत असेलच. दाबलं. कौशल्याबाईच्या वेळीही दाबलं. त्या शहाण्याले एवढंच कळत होतं की नंबर सोजराबाईचा, म्हणजे माझा, तर अंगही सोजराबाईचंच.

गोकुळ गठ्ठा घेऊन आला तो हळदीच्या आदल्या दिवशी. कौशल्याबाई घालून पाहाले आतल्या खोलीत गेली अन् बाहेरच येईना. माझं अंग म्हणजे तुराटी. तिचं अंग तुले माहीत आहे. एक हात बाहीत गेलेला, दुसरा वर अडकलेला, अन् आतून आवाज, अगं माय, कोणी तरी या. मलिहाची आई सुगराबी कात्री घेऊन धावली तेव्हा ती मोकळी झाली. मग एकेकीनं उघडून पाहिलं. सगळे माझ्या मापाचे. आधी आम्ही एवढ्या हसलो की नवरीची आई भिंतीले धरून खाली बसली. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की उद्या हळद आहे, अन् हसणं बंद झालं.

तू त्या दिवशी संध्याकाळी पुण्याहून आली. तोवर मलिहा मशीनवरून उठली नव्हती. ती शिवणीत आतून चांगली दोन बोटं माया ठेवते, तिच्या बापानं, फकीर मोहम्मदनं, तिले तेच शिकवलं, म्हणून बाकीच्या बायांचे उसवून मोठे करता आले. कौशल्याबाईले मात्र बगलेत जोड द्यावा लागला अन् तसं कापड मिळालं नाही. ती लग्नभर दंड अंगाले चिकटवून फिरली. अक्षदासुद्धा तिनं कोपरापासून टाकल्या, त्या पुढच्या माणसाच्या कानात गेल्या.

भांडण तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात केलं, म्हणून मले शब्दन् शब्द माहीत आहे. तुझं म्हणणं की एकाच मापाचे एवढे ब्लाउज आले तर शिवणारीले कळाले नको? तिचं म्हणणं की कळलं होतं, म्हणूनच तुले फोन करून विचारलं होतं, अन् तुझ्या अ‍ॅपनंही आधी विचाराले पाहिजे होतं, ब्लाउज कोणासाठी. आधी तर तिले वाटलं आजीनं म्हातारपणी हौस काढली! पण तू फोनवर म्हटलं होतं की अ‍ॅपमध्ये आलं आहे ना, मग तेच बरोबर, तसंच शिव. हे तिनं तोंडावर म्हटलं तेव्हा तुले खरं लागलं अन् खरं लागलं की तुझी जीभ सुटते, आपल्या घराण्याचीच आहे ती. तू म्हटलं, "तू शिव, डोकं मी चालवते."

पूनम, मी चूल पेटवत होती. मी मागं वळून पाहिलं नाही. मलिहानं हातातली टेप गुंडाळली, नीट गुंडाळली, अन् म्हटलं, "मग सुई पण तुझ्या मोबाइलच्याच हातात दे."

अन् गेली. ऐन लग्नाच्या गडबडीत आपल्या घरून उपाशी गेली. तिच्यासाठी वरण-बट्टी झाकून ठेवली होती, ती म्हशीनं खाल्ली. म्हशीले पचली.

त्या दिवसापासून तुझ्या मोबाइलमध्ये तिचा नंबर बंद. अशी एक सोय असते हे मले गोकुळकडून कळलं. आमच्या वेळी भांडण झालं तरी पाणी भराले एकाच विहिरीवर जावं लागे, तोंड फिरवाले जागाच नव्हती. मलिहा इकडं येते. ज्वारी निवडू लागते, माझ्या सुईत दोरा ओवून देते, पण तुझं नाव निघालं की तिले घरचं काम आठवते. एक तुले सांगून ठेवते. हिरवं बटण मी दाबलं होतं. त्यावर मले कोणी एका शब्दानं बोललं नाही, तू नाही अन् तीही नाही. म्हातारीले काय बोलायचं, असं तुम्ही दोघींनी मनात धरलं. मले ते आवडलं नाही. मीही धंद्यात होती.

आता नवी खबर. जालन्याच्या एका तयार कपड्याच्या दुकानदारानं मलिहाले बोलावलं आहे. महिन्याचा पगार, वर राहाले खोली, हाताखाली बाया. माणूस भला आहे असं फकीर मोहम्मद पाहून आला. त्याले घटस्थापनेच्या आत उत्तर पाहिजे. सुगराबी परवा माझ्याकडं आली, पानाचा डबा उघडला, कांद्याच्या भावावर बोलली, तुझ्या आईच्या गुडघ्यावर बोलली, अन् जाता जाता म्हटलं, पूनमचा काही फोन? मी म्हटलं येते की, पण माझ्यासाठी. ती बरं म्हणून उठली. डबा इथंच विसरली. सुगराबी डबा विसरत नाही.

मलिहा जालन्याले गेली तर सुखात राहील. मी तिले जाऊ नको म्हणणार नाही, तूही म्हणू नको. पण एकदा तिथं बसली की ती दुसऱ्याच्या नावाचे कपडे शिवणार, अन् तू पुण्यात दुसऱ्याच्या चुका काढणार, अन् आमच्या गल्लीच्या बाया परत मोटारीच्या चकरा मारणार. हे तुम्ही दोघींनी विचार करून ठरवलं असतं तर मी बोलली नसती. तुम्ही नुसत्या तोंड फुगवून बसल्या अन् ते आपोआप ठरून राह्यलं.

आता ऐक. पोळ्याच्या दिवशी तू मले एक लिंक पाठवली अन् खाली लिहिलं, 'आजी, उघडून पाहा, कोणाले सांगू नको.' मी कोणाले सांगतलं नाही. दाखवली. कौशल्याबाईनं तर आपल्या स्वतःच्या मोबाइलवर उघडली, म्हशीजवळ उभी राहून, एक फूलही पुसावं लागलं नाही. उघडल्याबरोबर पहिलं विचारलं, ब्लाउज कोणासाठी? खाली लिहिलेलं, माझ्यासाठी, सासूसाठी, जावेसाठी, शेजारणीसाठी. प्रत्येकीचं नाव वेगळं, माप वेगळं. कौशल्याबाईनं शेजारणीवर बोट लावून आधी माझं माप पाहिलं, म्हातारी आणखी वाळली का म्हणून. अन् सगळ्यात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'माप घेणार, कापणार, शिवणार: मलिहा'. नंबर तू बंद केला, पण नाव काढलं नाही. चष्मा असल्यावर मले बारीकही वाचता येते.

तर ते पान मी मलिहाले दाखवलं. ती ज्वारी निवडत होती. हात पदराले पुसून तिनं मोबाइल घेतला, पाहिलं, परत दिला. थोड्या वेळानं म्हणे, आजी, परत दाखवा. मी परत दाखवलं. 'कोणासाठी' हा सवाल तिनं बोटानं वर-खाली करून पाहिला, कारण भांडणात ती हेच म्हणत होती, की आधी विचार कोणासाठी. मग तिनं आपला मोबाइल काढला. तुझं ते अ‍ॅप त्यात आहे अजून. मले वाटलं होतं तिनं त्याच दिवशी फेकलं असेल. तिच्या मागच्या खोलीत, जिथं मशीनं आहे, तिथं पत्र्याखाली रेंज येत नाही, लिंक काही उघडत नाही. पण अ‍ॅपमध्ये सगळ्या बायांची मापं बसलेली, रेंज नसली तरी दिसते. रोज कापताना ती त्यातच पाहते. हे सांगताना तोंड असं केलं जसं कोणाच्या वावरातले हरभरे उपटताना सापडली. मी म्हटलं, तू तर वेबसाइटवाली होती ना? ती म्हणे, ते गिऱ्हाइकासाठी. मले अ‍ॅपच बरं.

म्हणजे पाह्य. तू अ‍ॅपवाली, तू लपून वेबसाइट बनवली. ती वेबसाइटवाली, ती लपून अ‍ॅप चालवून राह्यली. मी हे पुरं समजली असं म्हणत नाही. मले एवढं दिसते की जी बाई वर्षात दोन ब्लाउज शिवते तिच्यासाठी बाजारातलं दुकान पुरे, अन् जिले रोज शिवायचं आहे तिच्या घरात तो दुकानदार राहाले आला तर बरा, ती त्याले कामाले लावते. चुकत असेन तर दोघी मिळून मले समजावून सांगा. मिळून म्हटलं मी.

मी मलिहाले म्हटलं, हे पूनमले सांग. ती म्हणे कशी सांगू, नंबर बंद आहे, अन् मी काऊन आधी बोलू. मग मी गोकुळकडून वहीचे कागद मागवले.

आता पत्र एवढं लांब काऊन लिहिलं ते सांगते. चार ओळींत झालं असतं. पण चार ओळी तू दारातच वाचल्या असत्या अन् दार लावून घेतलं असतं. मी हे टपालानं पाठवलं नाही. मलिहाले मी सांगतलं की म्हातारीची एवढी पिशवी अन् हा लिफाफा पुण्याले पोचव, दुसरं कोणी जाणारं नाही. अन् तिच्याकडून कबूल करून घेतलं की पूनमचं वाचून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही अन् जागचं हलायचं नाही. पत्रात काय आहे ते तिले माहीत नाही, तिले वाटते माझ्या दुखण्यांची यादी आहे. म्हणून इतके कागद भरले. तू वाचत राह्यली तेवढा वेळ ती तुझ्यासमोर उभी आहे, अन् तू सांगतलेलं ऐकणारी पोरगी नाही, त्या हाताकडे पाहू नको म्हटलं म्हणून तू मधात चार वेळा तरी पाहिलं असेल. मोबाइलमधलं माणूस बंद करता येते, दारातलं कसं करशील ते मले कळव. जालन्याच्या माणसाले हो म्हणायचं का नाही म्हणायचं ते दोघींनी बसून ठरवा, मले दोन्ही चालेल, पण बसून. आता वर पाह्य. पिशवीत बिबडे आहे, लोणचं आहे, ज्वारीचं पीठ आहे. तिचा हात भरून आला असेल, आधी ती पिशवी घे.

हिरवं बटण दाबणारी,
तुझीच,
सोजरा आजी